होय, नाय आणि ओशाला

सोहारच्या आमच्या कारखान्यात रोज सकाळी साडेसहाला एक माणूस केबलच्या रिकाम्या ड्रमवर चढून साठ-सत्तर कामगारांना ‘इन्शाल्ला’ म्हणायला बंदी करायचा. आणि तेही ओमानात! बोलणारा सेफ्टी ऑफिसर, ऐकणारे बंगाली, मल्याळी, पाकिस्तानी, थोडे ओमानी, थोडे आपल्या चिपळूण-म्हसळ्याकडचे. हातात भोंगा असायचा, पण त्याची काही गरज नव्हती. आवाज असा होता की पलीकडच्या बंदरातल्या जहाजांनीही नांगर सावरून घ्यावेत. मी प्रयोगशाळेत नवीन केमिस्ट म्हणून लागले होते, आणि पहिले काही दिवस खिडकीतून हे बघताना मला वाटायचं, या माणसाला आज नाहीतर उद्या नक्की घरी पाठवणार.

त्यांचं नाव कायतान फर्नांडिस. पाठीमागे सगळे ‘मिस्टर यस-नो’ म्हणत. कुठल्याही कामाला हात लावण्याआधी त्यांच्या सहीचं परमिट लागे, आणि सही करण्याआधी ते मुकादमाला प्रश्न विचारत. टाकीतला गॅस तपासला? परांची घट्ट बांधली? विजेचा पुरवठा तोडला? मुकादम सवयीने म्हणे, “इन्शाल्ला, सर.” झालं! “अल्ला को मैं नहीं पूछता. तेरे को पूछता. यस ऑर नो?” मग मुकादम बाजूला, त्याची टोळी बाजूला, आणि डोक्यावर ऊन चढायला लागलेलं. ‘नो’ म्हणणाऱ्याला शिक्षा नव्हती. उलट त्याला फर्नांडिसांच्या खिशातून पेपरमिंटची एक गोळी मिळे. पन्नाशीतले दाढीवाले मुकादम ती गोळी गालात धरून आपल्या टोळीकडे परत जात आणि गॅस तपासून घेत. शिक्षा होती ती मधल्या उत्तराला.

एकदा कुणीतरी वर तक्रार केली की हा माणूस आमच्या धर्माचा अपमान करतो. तेव्हा सालिम त्यांच्या बाजूने उभा राहिला. सालिम त्यांच्याच खात्यातला ओमानी अधिकारी, वयाने बराच लहान, हुद्द्याने वरचा. तो म्हणाला, अपमान वगैरे काही नाही, कायतान स्वतः शिडीला हात लावण्याआधी छातीवर क्रूस काढतो, मी रोज बघतो. त्याला फक्त शिडी तपासलेली हवी असते. तक्रार मिटली. फर्नांडिसांनी सालिमचे आभार मानले आणि त्याच दुपारी त्याला हेल्मेटचा पट्टा न लावल्याबद्दल सगळ्यांसमोर झापलं.

माझी त्यांची ओळख तिरफळामुळे झाली. कॅन्टीनमध्ये मी डबा उघडला, बांगड्याची आमटी होती. चार टेबलांपलीकडे बसलेला हा गृहस्थ नाक वर करून उठला आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“तिरफळां घातलंस?”

“होय.”

“खंयची गो तू?”

“कुडाळची.”

“मग आधी सांगूक काय झाला तुका?” ते असे रागावले की जणू मी इतके दिवस मुद्दाम लपून बसले होते. मूळचे गोव्याचे, पण शाळा सावंतवाडीला मामाकडे झालेली, त्यामुळे मालवणी माझ्यापेक्षा चोख. मी त्यांना ‘अंकल’ म्हटलं तर म्हणाले, अंकल इथे गल्लोगल्ली पडलेत, मला काका म्हण. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी ते आमच्याकडे जेवायला येऊ लागले.

येऊ लागले म्हणजे, बोलावलं तर उत्तर रोखठोक असे. “काका, उद्या येणार ना?” तर “काय केलंस?” मग “वांग्याची भाजी.” मग “नाय. येवचंय नाय.” मनात राग धरायची सोयच नव्हती, कारण ज्या दिवशी ‘होय’ म्हणत त्या दिवशी एकच्या ठोक्याला दारात उभे. पहिल्यांदा आले तेव्हा हातात केकचा डबा होता. तो माझ्याकडे देऊन आधी स्वयंपाकघरात शिरले आणि साबणाचं पाणी मागितलं. मला वाटलं हात धुवायचे असतील. त्यांनी ते पाणी गॅसच्या नळीवर चोळलं, बुडबुडे येत नाहीत हे बघितलं, आणि मगच बूट काढले. आमच्या गाडीत बसले की मागच्या सीटवरच्या माझ्या लेकीचा पट्टा स्वतः ओढून बघत. ती इंडियन स्कूलमध्ये जाणारी, मराठी अडखळत बोलणारी, ती त्यांना म्हणायची, “काका, मी नाही पडणार, प्रॉमिस.” तर हे म्हणत, “प्रॉमिस गाडीत चालत नाय गो बाये.”

जेवताना त्यांचा आवडता खेळ म्हणजे आमच्या तोंडातले पोर्तुगीज शब्द पकडणं. मी म्हणाले पगार झाला, की बोट वर. “आमचो शब्द.” चावी, साबण, पाव, बटाटा, फीत, सगळ्यांवर त्यांचा हक्क. माझा नवरा सुधीर एकदा वैतागून म्हणाला, “काका, तुम्ही सरळ भाडंच घ्या आमच्याकडून.” काका म्हणाले, “भाडां नको, आणखी एक तळलेली तुकडी वाढ.” त्यांना स्वतःला पोर्तुगीज येत होतं अशातला भाग नाही. आईच्या प्रार्थना, दोन शिव्या आणि काही सुटे शब्द. त्यांची आई जुन्या राजवटीत शाळेत गेलेली. कुणी प्रवासाला निघालं, कुणाची परीक्षा आली, होडी समुद्रात गेली, की ती उंबरठ्यावर उभी राहून पुटपुटायची, “ओशाला.” तसं होवो, देव करो, असा अर्थ. ते लहान असताना त्यांना ते कुठल्यातरी संताचं नाव वाटायचं, आणि चर्चमध्ये त्या संताची मूर्ती का नाही म्हणून त्यांनी पाद्रींना विचारलंही होतं.

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगायला हवं. ग्लेंडा ही त्यांची एकुलती एक मुलगी. आजोबांच्या जन्माच्या जुन्या नोंदीच्या जोरावर, गोव्यातली कितीतरी पोरं करतात तसा, तिने पोर्तुगीज पासपोर्ट केला आणि लिस्बनला गेली. तिथे विमानतळावरच्या एका कंपनीत जेवणाचे ट्रे भरायचं काम आणि संध्याकाळी भाषेचा वर्ग. ती बारावीत असताना तिची आई गेलेली. ती बापाशी भांडत नसे, फोन उचलत असे, वाढदिवसाला शुभेच्छा देत असे. पण लिस्बनला गेल्यापासून ती त्यांना एकदाही भेटली नव्हती. काका तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत, आणि त्या आवाजाला खाली येणं माहीत नसल्यामुळे तो फाटल्यासारखा होई.

एका शुक्रवारी ते दारातूनच ओरडत आले. ग्लेंडाने फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. “ऐक, ऐक,” म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. तिचा आवाज हसरा होता. वर्गात आज बाईंनी शिकवलं की पोर्तुगीज लोक रोज उठून जो ‘ओशाला’ म्हणतात, तो मुळात त्यांचा नाहीच, अरबांचा आहे. अरबांनी तिकडे शतकानुशतकं राज्य केलं, नंतर ते गेले, शब्द राहिला. म्हणजे आजी म्हणायची ना पपा, ते अरबी होतं! तू तिथे बसून रोज तेच ऐकतोस!

मी हसले. सुधीर हसला. काकांचा चेहरा मात्र उतरला होता, कारण येता येता रस्त्यात त्यांनी सगळा हिशेब मांडला होता. ज्या शब्दावर त्यांनी ड्रमवरून बंदी घातली होती, तो त्यांच्या आईचा निघाला होता.

शनिवारी त्यांनी सालिमला गाठलं. मी तिथेच नमुने द्यायला गेले होते. सालिमला गंमत वाटली. त्याचा भाऊ मस्कतला कॉलेजात अरबी शिकवतो, त्याला त्याने तिथूनच फोन लावला. भावाने सांगितलं की बरेच लोक तो शब्द ‘इन्शाल्ला’चाच मानतात, पण अभ्यासक बहुधा दुसरीकडे बोट दाखवतात. अंदालूसच्या, म्हणजे अरबांच्या ताब्यातल्या स्पेन-पोर्तुगालच्या, अरबीत ‘लौ शा अल्ला’ म्हणत, अल्लाच्या मनात आलं तर किती बरं, अशा अर्थाचं; त्याचं झिजून झिजून ओशाला. तिथून जहाजात बसून तो गोव्याला गेला. “आणि कायतान,” सालिम म्हणाला, “तुझ्या आईचे ते पोर्तुगीज इथेही होतेच. आमच्या सोहारच्या किल्ल्यातसुद्धा होते. आम्ही त्यांना हाकललं.”

“बरां केलंत,” काका मालवणीत म्हणाले, मग इंग्रजीत विचारलं, “पण म्हणजे दोन्हीत मर्जी त्याची, आणि जबाबदारी कोणाचीच नाही?”

सालिमचं हसू थांबलं. तो म्हणाला, “नाही. आपलं काम पुरं करून झालेल्या माणसाने म्हणायचा शब्द आहे तो. माझे वडील मासेमारीला जायचे. जाळं शिवून, इंजिन बघून, पाणी भरून झालं की मग म्हणायचे. काम न करता म्हणणाऱ्याचा दोष शब्दाला देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी ड्रमवरून नवा नियम जाहीर झाला: आधी यस, मग इन्शाल्ला. रफिक नावाच्या मुकादमाने लगेच परीक्षा घेतली. “गॅस तपासला?” “यस, सर. इन्शाल्ला.” काका थबकले, मान हलवली आणि म्हणाले, “इन्शाल्ला.” सगळा घोळका टाळ्या पिटायला लागला.

इन्शाल्लावरची ती बंदी मुळात का आली, हे मला त्यानंतर कळलं. ते त्यांनी एकदाच सांगितलं, आमच्या गच्चीत, कपडे वाळत घालताना. मी पिळून देत होते, ते चिमटे लावत होते. त्यांची बायको रोझालिन गोव्यात आजारी पडली तेव्हा ते इथेच, पण दुसऱ्या कंपनीत होते. त्या काळी कामगारांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत. प्लांट बंद ठेवून दुरुस्त्या चालल्या होत्या, सेफ्टीवाल्याला सोडणं कठीण होतं. रजेचं विचारलं तर ऑफिसातला माणूस म्हणाला, उद्या होईल, इन्शाल्ला. तो अरबही नव्हता, आपल्यातलाच होता. काकांनी ते होय धरलं. आणि घरी फोन करून ग्लेंडाला सांगितलं, उद्या निघतो, इन्शाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच.

“माका ‘नाय’ म्हटला असता, तर मी टेबल उलटा केला असता गो,” ते म्हणाले. “पासपोर्ट घेतल्याशिवाय हललंय नसतंय. पण तो नाय म्हणालोच नाय. आणि मी पण तिका नाय म्हटलंय नाय. चेडू आवशीक सांगत रवला, पपा वाटेर आसत.” पोरगी आईला तसं सांगत राहिली, आणि ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पुढचा चिमटा त्यांना सापडेना, म्हणून मी त्यांना एक शोधून दिला.

असल्या वेळी माझ्या तोंडून चहा करू का याखेरीज काही निघत नाही, मी तेच विचारलं. त्यांनी होय म्हटलं आणि आम्ही चहा प्यायलो.

आता याच माणसाने पुढे जे केलं ते बघून आम्हाला हसावं की रडावं कळेना. ग्लेंडाला तो शब्द नव्याने सापडला होता. काकांनी विचारलं, नाताळला सोहारला येशील? ती म्हणाली, “ओशाला, पपा.” आणि काका विरघळले. आजीचा उच्चार, आजीचा सूर, म्हणे. त्यांनी तो आवाज मला तीनदा ऐकवला. ज्या माणसाने परांची बांधणाऱ्याकडून मधलं उत्तर घेतलं नाही, त्याने लेकीकडून ते घेतलं आणि वर खूश झाला! सुधीर रात्री मला म्हणाला, “त्यांना सांग की ती होय म्हणालेली नाही.” मी म्हटलं, तू सांग. दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही.

त्यांनी घर सजवायला घेतलं. एका खोलीच्या घरात एकच खोली असते, तरी तिचे पडदा लावून दोन भाग केले. नवा पलंग आला. भिंतीला फिका जांभळा रंग आला. मस्कतच्या मॉलमधून केस वाळवायचं यंत्र आणलं, कारण “लिस्बनच्या चेडवांका लागता.” त्याच्या वायरीची त्यांनी स्वतः तपासणी करून त्यावर आमच्या कारखान्यात लावतात तशी हिरवी चिकटपट्टी लावली, म्हणजे वापरायला सुरक्षित. बाल्कनीत कागदी तारा टांगला. खालच्या दुकानातला पठाण विचारायचा, कौन आ रहा है? तर हे अभिमानाने सांगायचे, “बेटी. पुर्तगाल से.”

त्या नाताळला ग्लेंडा आली नाही. सुट्टी मिळाली नाही म्हणाली. ईस्टरला ओशाला. ईस्टरलाही नाही. पुढच्या नाताळलाही ओशालाच. दर वेळी ते पलंगावरची चादर धुऊन पुन्हा घालत. मी एकदा त्यांच्याकडे गेले असताना पडद्यापलीकडे डोकावले. उशीवर घडी केलेला टॉवेल होता, त्यावर साबणाची न उघडलेली वडी, हॉटेलात ठेवतात तशी. मी पटकन पडदा ओढला. मला त्या मुलीचा फार राग आला.

मग एक दिवस कंपनीने त्यांना सांगितलं की करार वाढवला जाणार नाही, वय झालं. सालिमने खटपट केली, पण काही झालं नाही. उन्हाळा संपेपर्यंत ते जाणार हे ठरलं. काकांनी ते शांतपणे घेतलं. एवढंच म्हणाले, की मग आता तारीख ठरवायला हवी, मी जाण्याआधी ग्लेंडा येऊन जाऊ दे. इथे मी इतकी वर्षं कसा राहिलो, कुठे काम केलं, किल्ला, समुद्र, तुम्ही लोक, हे तिने एकदा बघायला हवं. म्हणजे मग गोव्यात आम्हाला बोलायला काहीतरी असेल.

त्या शुक्रवारी जेवण झालं होतं. ताटं तशीच होती, सोलकढीच्या वाट्या अर्ध्या. त्यांनी टेबलावर मोबाइल उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. मी उठायला लागले तर म्हणाले, बस. ग्लेंडा कामावरून आली होती, केस ओले, पाठीमागे छोटी खिडकी. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, मी जाण्याआधी येशील?

“ओशाला, पपा.”

काकांनी पाठ ताठ केली, अगदी ड्रमवर उभे राहताना करत तशी, पण आवाज हळू होता. “ग्लेंडा. होय काय नाय, तां सांग.”

फोन अडकलाय असं मला वाटलं, पण पाठीमागच्या खिडकीतला पडदा हलत होता.

“खरां सांगू पपा?”

“खरां.”

“नाय.” ती रडत नव्हती. “मी थंय येवचंय नाय. मम्मी दाराकडे बघीत होती आणि मी तिका रोज खोटां सांगी होतंय. तू सांगलेला खोटां. तुझो तो गाव बघूक माका जमाचा नाय. गोव्यातल्या त्या घरात पण जमाचा नाय. तू वाईट नाय, पपा. पण माका जमणा नाय.”

“मग मी येवं? थंय, तुझ्याकडे?”

ग्लेंडाने ओले केस मागे सारले. “नको, पपा.”

“बरां,” काका म्हणाले. “बरां केलंस सांगितलंस.” आणि हे म्हणता म्हणता त्यांचा हात सवयीने शर्टाच्या खिशात गेला. पेपरमिंटची गोळी बाहेर आली. ती त्यांनी मोबाइलसमोर, तिच्या चेहऱ्यासमोर धरली, आणि मग काय करतोय हे लक्षात आल्यावर टेबलावर ठेवली. ग्लेंडाला ते काय होतं हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. ती म्हणाली, “जेवलास ना?” ते म्हणाले होय. फोन बंद झाला.

इतके महिने मला जिचा राग येत होता, तिचं त्या दिवशी मला पटलं, आणि त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. राग असता तर बरं होतं. काकांनी सोलकढी संपवली, वाटी स्वतः विसळली, आणि माझ्या लेकीला अभ्यास झाला का विचारलं. ती नाही म्हणाली.

त्यानंतर ते ड्रमवर रोज चढत होते. प्रश्न तेच, परमिटं तितकीच कडक. फक्त ‘नो’ म्हणणाऱ्याला गोळी मिळेनाशी झाली. मुकादमांनी आपापसात ठरवलं की सरांना साखर झाली. रफिकने एकदा स्वतः विकत आणलेलं पेपरमिंटचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते त्यांनी सालिमच्या मुलांना देऊन टाकलं. पलंग खालच्या पठाणाने घेतला. केस वाळवायचं यंत्र, खोक्यासकट, माझ्या लेकीला मिळालं. तिने त्यावरची हिरवी पट्टी काढायला सुरुवात केली तेव्हा मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडले की ती बावरली.

त्यांना मस्कतला विमानतळावर सोडायला मी एकटी गेले. सुधीरची ड्यूटी होती. वाटेत ते वेगाच्या काट्याकडे बघत होते आणि अधूनमधून “हळू” म्हणत होते. बर्का गावाजवळ चहा प्यायलो. सालिमने दिलेली ओमानी हलव्याची बरणी त्यांनी सबंध रस्ताभर मांडीवर धरली होती, मागे ठेवू दिली नाही. गोव्यात कुठे उतरणार, घर किती दिवस बंद आहे, असलं काही मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. ते मला आमच्या प्रयोगशाळेतल्या एका गळक्या नळाबद्दल सांगत राहिले.

आत शिरायच्या जागी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “जा आता. मगे रस्त्यार ट्रक चालू होतले.” मग बॅग ओढत गेले आणि मागे वळून बघितलं नाही. मी मात्र दोरीपाशी उभी राहिले. लांबवर पासपोर्टची रांग दिसत होती, त्यात त्यांची इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातली पाठ. इतक्यात माझा फोन वाजला. बघते तर त्यांचाच.

“काय विसरलात, काका?”

“नाय. असाच.” त्यांची पाठ माझ्याकडे, फोन कानाला. “तो नळ मेंटेनन्सवाल्यांका परत सांग हां. वॉशर बदलून होवचा नाय, पुरो नळच बदलूक व्हयो.”

“सांगते.”

“आणि गॅसची नळी. दोन वर्षां झाली तिका.”

“बदलते. काका, तिकडे घ्यायला कोण येणार आहे?”

“कोण नाय,” ते म्हणाले. मग लगेच, “टॅक्सी मिळता. टॅक्सीक काय झाला?”

रांग पुढे सरकली. ते बोलत राहिले, रफिकच्या गुडघ्याबद्दल, हलव्याला मुंग्या लागतील का याबद्दल, विमानात खिडकीची जागा मिळाली नाही याबद्दल. मी हं, हं म्हणत होते. काचेमागच्या अधिकाऱ्याने हाताने खूण केली, फोन ठेवा. काका मला म्हणाले, “चल, ठेवतंय.” आणि फोन बंद न करता शर्टाच्या खिशात टाकला.

मला सगळं ऐकू येत होतं. अधिकाऱ्याचा प्रश्न, काकांचं “यस”, मग कपड्याची खसखस आणि बॅगेची चाकं. ते वळणापलीकडे दिसेनासे झाले तरी चाकं चालू होती. आत कुठेतरी एक लहान मूल रडत होतं, घोषणा होत होत्या. ते एका खुर्चीत बसले, बसताना “आई गे” म्हणाले. मी तशीच उभी राहिले, फोन कानाला घट्ट धरून, आणि त्यांचा श्वास ऐकत होते. मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, त्यांनी खिशातल्या खिशात विचारलं, “आसंस मां?”

“आसंय, काका,” मी म्हणाले.